पाद्री, कारकून आणि पित्त

शैलाताई,

तुझ्यावर लिहायचं काम गटाने माझ्या गळ्यात घातलं आहे. आपला गट म्हणजे तरी काय, महिन्यातून एका रविवारी वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटच्या लायब्ररीतल्या मागच्या खोलीत जमणारी सहा-सात मराठी माणसं, आणि त्यांच्यासमोर उभी तू. "तुझी आणि ताईंचीच सगळ्यांत जास्त भांडणं व्हायची, तूच लिही," असं सगळे म्हणाले, जणू भांडणं ही एखादी पदवीच. दोन पानं लिहायची आणि पुढच्या रविवारी वाचायची. मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं, आणि त्या 'का'चं उत्तर मला कोणालाही द्यायचं नव्हतं.

तीनदा सुरुवात करून फाडलं. तू डॉक्टरेट करायला वेलिंग्टनला आलीस. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये विज्ञान म्हणजे काय यावर लोक कसे भांडले, हा तुझा विषय. मग इरा झाली, मग नवरा सोडून गेला, मग डॉक्टरेटही सुटली आणि तू हार्डवेअरच्या दुकानात रंगांच्या काउंटरवर उभी राहिलीस ती अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत. बघ, तीन वाक्यांत संपलं. यात खोटं काही नाही, पण दर वेळी कागद का फाडला, याचं कारण त्या वाक्यांत कुठेच नव्हतं. कारण हे आहे. तू गुरुवारी गेलीस. त्याआधी सोमवारी दुपारी तू माझ्या फार्मसीत आली होतीस. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, इरालाही नाही.

थांब, आधी दुसरं सांगते. धीर गोळा करायला जरा वेळ दे.

आपली पहिली गाठ तुझ्या दुकानातली. मला स्वयंपाकघरासाठी पांढरा रंग हवा होता आणि मी फोनवर नवऱ्याला झापत होते. फोन ठेवला तशी काउंटरपलीकडून तू म्हणालीस, "पुण्याच्या ना तुम्ही? इतकं शुद्ध झापणं बऱ्याच वर्षांनी ऐकलं." मग मात्र तू मला रंग काही देईनास. भिंत कुठल्या दिशेला, खिडकीबाहेर झाड आहे की शेजाऱ्याचं कुंपण, दिवा पिवळा की पांढरा, ओट्याचा दगड कसला. मी वैतागून म्हटलं, "अहो, पांढरा म्हणजे पांढरा." तू चाळीस पांढऱ्यांच्या पट्ट्या माझ्यासमोर पसरल्यास आणि म्हणालीस, "यातला कुठला?" त्या दिवशी मी हात हलवत घरी आले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या भिंतीकडे नीट बघितलं. 'अहो'चं 'अगं' व्हायला त्यानंतर महिनाही लागला नाही.

पांढऱ्यावरूनच तू मला तुझ्या विषयात ओढलंस. तुझ्या त्या शतकातली दोन माणसं माझ्या घरी सासरच्या मंडळींसारखी वावरायला लागली. एक विद्यापीठातला पाद्री. 'सायंटिस्ट' हा शब्द त्याचा. त्याने तो जवळजवळ थट्टेनेच काढला, आणि तो लोकांना इतका बेंगरूळ वाटला की पुढची कितीतरी वर्षं चांगले चांगले संशोधक तो स्वतःला लावून घ्यायला तयार नव्हते. ही गोष्ट सांगताना तू दर वेळी हसायचीस. दुसरा लंडनचा, हिंदुस्थानच्या कारभाराचे खलिते लिहून पोट भरणारा आणि उरलेल्या वेळात तर्कशास्त्राचे जाडजूड ग्रंथ लिहिणारा. त्याला आपण कारकून म्हणायचो. तो फार मोठा माणूस होता हे तू मला बजावलं होतंस, तरी कारकूनच.

त्या दोघांचं भांडण मंगळावरून. मंगळ आभाळात कधी कुठे दिसला याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या. त्यावरून एका जुन्या खगोलवेत्त्याने ठरवलं की मंगळाची वाट लांबट वर्तुळाची आहे. आता हे लांबट वर्तुळ आलं कुठून? कारकून म्हणणार, नोंदींतूनच. खलाशी किनाऱ्याकिनाऱ्याने सगळा फेरा मारून आला आणि म्हणाला की हे बेट आहे, तर बेट काही त्याने मनाने आणलं नाही, ते होतंच. पाद्री म्हणणार, अहो, मोती पुष्कळांकडे होते, दोरा त्या एकाने आणला. नुसत्या नोंदींत वर्तुळ नसतं, ते बघणाऱ्याच्या मनातून येतं. मी बेटावर राहणारी आणि गोळ्या मोजणारी बाई, मला कारकुनाचंच पटायचं. तू पाद्रीबुवांची.

"नुसतं तथ्य असं काही नसतं, रेवती. तू त्याला नाव दिलंस ना, की त्यात तुझा अंदाज शिरलाच."

"माझ्या गोळीवर पाचशे मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. त्यात कसला आलाय अंदाज?"

"पाचशेच का, चारशे का नाही, हा आधी कोणाचा तरी अंदाजच होता ना?"

चौदा वर्षं हे चाललं. तुझ्या घरी, माझ्या घरी, नदीकाठच्या फेऱ्यात, एकदा तर वेलिंग्टनच्या गाडीत इतक्या मोठ्याने की समोरच्या आजोबांनी उठून जागा बदलली. मी कधी हरले नाही आणि तू कधी जिंकली नाहीस. खरं सांगू का, मला ते संपायला नकोच होतं. दिवसभर दुकानात लोकांना "एक सकाळी, एक रात्री" सांगून माझं डोकं गंजत चाललं होतं. तुझ्यामुळे ते चालू राहिलं. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग पाद्रीबुवांचं कबूल कर.

पण तुझा खरा जीव या दोघांवर नव्हता. तो होता त्यांच्याविरुद्ध आणि त्यांच्या आजूबाजूला बोलणाऱ्या साध्या माणसांवर. मासिकांना पत्रं लिहिणाऱ्या बायका. व्याख्यानानंतर उभं राहून शंका काढणारे विणकर आणि चांभार. प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्या. देवीची लस सक्तीची झाली तेव्हा दंड सोसणारे, प्रसंगी तुरुंगात जाणारे आईबाप. विज्ञान अजून घडत होतं आणि रस्त्यावरचा माणूस त्याला जाब विचारत होता, याचं तुला केवढं अप्रूप! हे सगळं मराठीत आणायचं म्हणून तू अकरा वह्या लिहिल्यास. डॉक्टरेट सुटली, पण विषय काही सुटला नाही.

माझा त्या आईबापांवर राग होता. आठवतं ना, अलीकडच्या साथीतल्या लसीच्या दिवसांत एक माणूस माझ्या तोंडावर पत्रक फेकून गेला होता. मी आतल्या खोलीत जाऊन रडले, तोंड धुतलं आणि पुढच्याला लस दिली. त्याच आठवड्यातल्या रविवारी गटात तू म्हणालीस, "लस बरोबर होती. पण ती माणसं सगळीच मूर्ख नव्हती. त्यांना कोणी काही विचारलं नाही, नुसतं सांगितलं. दीडशे वर्षांपूर्वीसुद्धा हेच." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "एकेकाला विचारत बसलो तर माणसं मरतील, ताई." तू शांतपणे म्हणालीस, "न विचारताही मरतात." मी पर्स उचलून निघून गेले आणि दोन महिने तुझ्याशी बोलले नाही.

मग एक दिवस दारात तुझ्या झाडाच्या फिजोआ फळांची पिशवी. चिठ्ठी नाही, काही नाही. मी फोन करून म्हटलं, "पिकलेत चांगले." तू म्हणालीस, "हो, या वर्षी हीप्स आलेत, ढीगभर." झालं, संपलं. ते भांडण आपण पुन्हा काढलं नाही. दोघींनाही वाटलं असावं, काढू कधीतरी, कुठे पळून चाललंय.

आता सोमवार.

दुपारचे दोन. फ्लूच्या लसीसाठी लोक बसलेले, छपाईचं यंत्र अडकलेलं, मदतनीस मुलगी जेवायला गेलेली. तू कामावरच्या कपड्यांतच आलीस. रांगेतल्या माणसाला "किआ ओरा" असा इथला नमस्कार करत, "जस्ट अ सेकंड" म्हणत काउंटरच्या कडेला उभी राहिलीस, छातीखाली तळहात धरलास आणि म्हणालीस, "रेवती, पित्त झालंय गं."

मी म्हटलं, "काय खाल्लंस?"

"काल वडे केले होते. चार खाल्ले."

"चार? या वयात? लाज कशी वाटत नाही?"

तू हसलीस. मी मागच्या फळीवरचं पाकीट काढलं, म्हटलं, रात्री जेवणाआधी एक घे आणि आठवडाभर घे. तू इथल्या लोकांसारखं "स्वीट ॲज," म्हणजे झकास, म्हणालीस आणि गेलीस. सगळं मिळून दीड मिनिटसुद्धा नसेल. तू तेव्हा फिकट दिसत होतीस का? मला आता दिसतेस. पण हे मला आठवतंय की मी आता रंगवतेय, हेच कळेनासं झालं आहे.

ताई, एखादी एकसष्ट वर्षांची बाई येऊन इंग्रजीत म्हणाली असती की छातीत कसंतरी होतंय, तर मी तिला खुर्चीत बसवलं असतं. माझे ठरलेले प्रश्न आहेत. ते मी इतक्यांदा विचारलेत की तोंडातून आपोआप बाहेर पडतात. इंग्रजीत मी फार्मासिस्ट असते. मराठीत मी तुझी रेवती होते, आणि अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात ती हीच. त्यातून शब्द कुठला, तर पित्त! उपास केला की पित्त, उन्हात गेलं की पित्त, चहा जास्त झाला की पित्त. माझी आई हेच म्हणायची, तिची आई हेच म्हणायची, आणि सगळ्या आल्याचा तुकडा चघळून बऱ्या व्हायच्या. तो शब्द कानावर पडला आणि मी माझी पदवी, माझी वीस वर्षं, सगळं बाजूला ठेवून माहेरच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

पित्त हे दुखणं नाही, ते निदान आहे. तू मला काय होतंय ते सांगितलंच नाहीस, त्याचं उत्तर सांगितलंस, आणि मी ते उत्तर पाकिटात घालून विकलं. आणि हे कोणी करावं? तथ्याला नाव दिलं की त्यात अंदाज शिरतो, हे चौदा वर्षं माझ्या कानीकपाळी ओरडणारीने! मला कधीकधी तुझा इतका राग येतो की उशीत तोंड खुपसून ओरडावंसं वाटतं. दुसऱ्याच्या भिंतीच्या पांढऱ्यासाठी वीस प्रश्न विचारायचीस, स्वतःच्या छातीला एक विचारता आला नाही?

गुरुवारी तू कामावर गेली नाहीस. तसं तुझं कधी व्हायचं नाही, म्हणून तुझ्या दुकानातली बाई घरी आली. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. संध्याकाळी इरा ऑकलंडहून विमानाने येईपर्यंत मीच तुझ्या घरी होते. आणि तिथे, ताई, मी एक गोष्ट केली. ओट्यावर ते पाकीट होतं, माझ्या दुकानाचं लेबल लावलेलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी ते उचलून पर्समध्ये टाकलं. घरी येऊन उघडलं तर तीन गोळ्या कमी. सोमवार, मंगळवार, बुधवार. मी सांगितलं तसं, रात्री जेवणाआधी, एकही न चुकवता. माझं तू चौदा वर्षांत कधी ऐकलं नाहीस आणि ऐकलंस ते हे.

तेव्हापासून चोराच्या मनात चांदणं. फोन वाजला की आधी इराचं नाव तर नाही ना ते बघते. दुकानात कोणी ॲसिडिटीची गोळी मागितली की मी त्याला इतके प्रश्न विचारते की परवा एक तरुण पोरगा म्हणाला, "आय जस्ट हॅड अ करी." दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकतेय, हे मलाही कळतं, पण थांबता येत नाही.

आणि यातली सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट ऐक. मी पाद्रीबुवांकडे गेले. तुझ्या वह्या आता माझ्याकडे आहेत. गटासाठी लेख लिहायचा म्हणून इरानेच दिल्या. त्यातली चौथी, पाद्री-कारकुनाच्या भांडणाची वही मी पुन्हा पुन्हा वाचतेय. कारण कारकून खरा असेल तर मी मेले. बेट समोर होतं, मला फक्त फेरा मारायचा होता आणि मी मारला नाही. पण पाद्री खरा असेल, प्रत्येक तथ्यात आधीच कोणाचा तरी अंदाज शिरलेला असेल, तर मग मला तुझं दुखणं दिसलंच नव्हतं, मला दिसलं ते पित्त. दोष त्या शब्दाचा, माझा नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा तू जिंकावीस असं मला वाटतंय, ताई. आणि म्हणूनच माझा त्यावर विश्वास बसत नाही. ज्या मताने माझी सुटका होते ते मत मला अचानक इतकं पटायला लागावं?

शिवाय तू काय म्हणाली असतीस तेही मला ऐकू येतं. "अगं, शब्दात अंदाज असतो म्हणून तर विचारायचं असतं. पाद्रीबुवांनी सूट नाही दिली, काम वाढवून ठेवलंय." हो. मला माहीत आहे.

इथपर्यंत शुक्रवारी लिहिलं होतं आणि कागद वहीत घालून ठेवले होते. हे लायब्ररीतल्या खोलीत कोण वाचणार होतं? त्यांच्यासाठी मी वेगळी दोन पानं लिहिणार होते, पांढऱ्या रंगाची गोष्ट, फिजोआची पिशवी, थोडं हसू, थोडं रडू. तेवढ्यात काल सकाळी इरा आली.

तुझं घर आवरायला ती तीन आठवडे इथेच राहिली आहे. ऑकलंडच्या ऑफिसने रजा दिली. वाळलीय. मी चहा टाकला, तिने घेतला नाही. टेबलावर फोन ठेवला आणि म्हणाली, "मावशी, कॅन आय आस्क यू समथिंग? इट्स अ मराठी थिंग."

बुधवारी संध्याकाळी तू तिला निरोप ठेवला होतास. ती मीटिंगमध्ये होती, फोन उचलला नव्हता. तिने तो लावला. तुझा आवाज माझ्या स्वयंपाकघरात आला.

"इरा, आई बोलतेय. माझं पित्त खवळलंय आज. आता फोन करू नकोस, मी पडते जरा. तू जेवून घे."

इरा माझ्याकडे बघत होती. "शी वॉज फ्युरिअस विथ मी, राइट?"

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. रविवारी फोनवर तुमचं वाजलं होतं. तुझ्या वह्यांवरून. ती तुला म्हणाली होती, एवढं मराठीत लिहून ठेवलंयस, कोण वाचणार आहे ते? तू फोन ठेवलास. आणि बुधवारी हा निरोप. लहानपणी तू तिच्यावर ओरडायचीस ना, माझं पित्त खवळवू नकोस म्हणून? तिला पित्ताचा तेवढाच अर्थ ठाऊक. राग. "सो आय थॉट, ओके, शीज हीप्स मॅड, शी सेड डोन्ट कॉल. आय गेव्ह हर स्पेस." मग तिचा चेहरा वाकडा झाला. "मावशी, शी डाइड मॅड ॲट मी."

तीन आठवडे ती पोर हे घेऊन वावरते आहे. माझ्यासमोर. मी तिला डबे नेऊन देत होते आणि ती हे घेऊन जेवत होती.

मी म्हटलं, "नाही गं राणी. पित्त म्हणजे ॲसिडिटी. पोटातलं. ती तुझ्यावर चिडली नव्हती, तिला बरं वाटत नव्हतं, एवढंच. म्हणून पडते म्हणाली."

तिने विचारलं, "आर यू शुअर? ऑर आर यू जस्ट बीइंग नाइस?"

तिथे मला थांबता आलं असतं, ताई. हो, शुअर आहे, शब्दकोश काढून दाखवते, असं म्हणता आलं असतं. पण तिला शब्दकोश नको होता. दोन्ही अर्थ खरे आहेत हे तिलाही कळत होतं आणि त्यातला तुझा कुठला, याचा पुरावा तिला हवा होता. तो पुरावा जगात फक्त माझ्या पर्समध्ये होता.

मी पाकीट काढून टेबलावर ठेवलं. म्हटलं, "मला माहीत आहे, कारण सोमवारी ती माझ्याकडे आली होती. हाच शब्द घेऊन."

सगळं सांगितलं. वडे, रांग, तळहात, दीड मिनिट. ओट्यावरून पाकीट उचललं तेही. इराने ते उघडलं, तीन रिकाम्या जागांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "डिड यू आस्क हर एनीथिंग?"

"काय खाल्लंस, एवढंच."

"बट यू आस्क एव्हरीवन. यू आस्क्ड मी लाइक टेन क्वेश्चन्स फॉर अ कफ सिरप."

"हो."

"इफ यू हॅड..."

मी म्हटलं, "माहीत नाही, इरा. कदाचित. कदाचित मी तिला तेव्हाच हॉस्पिटलला पाठवलं असतं."

पाद्री, कारकून, मोती, बेट, शब्दात शिरलेला अंदाज, यातलं एकही वाक्य माझ्या तोंडून आलं नाही. ती म्हणाली, "यू शुड हॅव आस्क्ड हर." मी म्हटलं, "हो. विचारायला हवं होतं." तीन आठवडे मी चौथी वही उलटीपालटी करत होते ते या तीन शब्दांना चुकवायला.

मग तिने तुझा निरोप पुन्हा लावला. या वेळी ती वेगळं ऐकत होती हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. 'पडते जरा' म्हणताना तुझा श्वास लागला आहे, ते मलाही आत्ताच ऐकू आलं. 'तू जेवून घे'ला इराने डोळे मिटले. "शी जस्ट वॉन्टेड मी टू ईट," ती म्हणाली, आणि मग ती रडली, ती या तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मी खांद्यावर हात ठेवायला गेले तर तिने तो हळूच बाजूला केला.

जाताना दारात म्हणाली, "आय कान्ट टॉक टू यू फॉर अ बिट, मावशी." पाकीट ती घेऊन गेली. वह्या नेल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, "यू कीप देम. समवन शुड रीड देम," आणि गाडीत बसली. तिची मी क्षमा मागितली नाही. तिने ती दिली असती आणि तिला देण्यासारखं आत्ता काही उरलेलं नाही.

सोमवारचं सगळं उद्या दुकानात वरिष्ठांना लेखी कळवणार आहे. काय व्हायचं ते होईल. आणि रविवारी मी हेच वाचणार आहे, सगळंच्या सगळं. तुझ्या त्या विणकरांसारखं कोणी उठून मला जाब विचारला तर विचारू दे.

पण त्याआधी माझं एक काम राहिलं आहे, ताई. सोमवारचे दुपारचे दोन वाजलेत असं धर. रांग आहे, असू दे, थांबतील ती माणसं. तू ये. इथे खुर्चीत बस. पित्त बित्त राहू दे बाजूला, मला नाव नको सांगूस. कुठे होतंय ते बोटाने दाखव. कधीपासून? दुखतंय, की दाबल्यासारखं होतंय? हाताकडे जातं का, जबड्याकडे? तुझ्या दुकानातला जिना चढलीस तेव्हा वाढलं का? दम लागतो का? माझ्याकडे बघ, हसू नकोस. खरं सांग, घाम येतोय का गं?